आमची वाटचाल : कॅसेटचा खोका ते गच्चीवरची हलगी

२०११ मध्ये कोल्हापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत रेकॉर्डिंग स्टुडिओ टाकला, तेव्हा भांडवल म्हणजे एक माईक, एक कॉम्प्युटर आणि जुन्या कॅसेटींचा खोका. सराफ, साडीवाले, गणपती मंडळं, शाळेची गॅदरिंग, मिळेल ते काम घ्यायचो. ढोलकी हवी असली की खोक्यातनं चार सेकंदांचा ठेका उचलायचा, सूर उतरवायचा, लय वाढवायची, वर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, मारायचा. ओळखू येईना, की झालं आपलं! दुसऱ्याचं रेकॉर्डिंग सात सेकंदांपर्यंत उचललं तर चालतं, असंही कुणीतरी छातीठोक सांगितलं होतं. कायद्यात असा आकडाच नाही.

२०१८ च्या दिवाळीत एका सराफांची जाहिरात ऐन धनत्रयोदशीला इंटरनेटवरनं उतरली. ठेक्यावर कॉपीराइटचा दावा. माणसाच्या कानाला जे कळलं नव्हतं, ते यंत्राच्या कानानं पकडलं. "चाल तुमचीच म्हणाला होता की ओ!" मालक म्हणाले. चाल आमचीच होती, पण ठेक्याचं रेकॉर्डिंग दुसऱ्याचं. हे दोन हक्क वेगळे असतात आणि रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षं टिकतो, हे वकिलांनी समजावलं तेव्हा पैसे परत देऊन झाले होते.

त्यांनीच युरोपातला खटला सांगितला. क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या रेकॉर्डमधले जेमतेम दोन सेकंद उचललेले. २०१९ मध्ये तिथलं न्यायालय म्हणालं, कानाला ओळखू न येण्याइतका तुकडा बदलला तर हरकत नाही. वाचून बरं वाटलं, पण तो निकाल तिकडचा. त्याच्या भरवशावर गिऱ्हाईक कसं घ्यायचं?

मग स्वतःच वाजवून घ्यायला लागलो. पहिली हलगी ऑगस्टमध्ये केली, हीच चूक. पावसाळी हवेत कातडं सैल. वादकमामा गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला रद्दी पेटवून हलगी शेकायचे, धावत खाली यायचे, आणि एसीत चार मिनिटांत आवाज पुन्हा बसायचा. शेवटी एसी बंद केला, घामाघूम होऊन अकरा टेक घेतले. सातव्यात टिपरू, म्हणजे वाजवायची काडी, हलगीच्या कड्यावर आपटलं, तो खणका आवडला म्हणून तसाच ठेवला. मामांना मानधन दिलं, कागदावर सही घेतली.

गेल्या गणपतीत मिरवणुकीत एका अनोळखी ट्रॅकमध्ये तोच खणका ऐकू आला. सूर उतरवलेला, लय वाढवलेली. मामांनाही ऐकवलं, ते हसतच सुटले. दावा अजून घातलेला नाही. पोरगं कुणाचं आहे, ते आधी बघतोय.