दोन भेगांमधली माती

नागपूरच्या बेसा भागात अडीच मीटर खोल चर खणणं चालू होतं. जुलै नुकताच लागला होता. पहिल्या दिवशी मी पोकलेनच्या बकेटमधलं एक मोठं ढेकूळ बाजूला ठेवायला सांगितलं आणि त्यात व्हेन टेस्टरची, म्हणजे मातीची ताकद मोजणाऱ्या हातातल्या यंत्राची, चार पाती खुपसली. काटा ११०वर थांबला. मग दोन रात्री सलग पाऊस झाला. तिसऱ्या सकाळी त्याच बाजूच्या, तितक्याच खोलीवरच्या ढेकळाने २८ दाखवले. मुकादम तबकडीत वाकून म्हणाले, "मॅडम, परवा त दगड होती न ही माती!"

उन्हाळ्यात आपली काळी माती आकसते. भेगा इतक्या रुंद होतात की त्यात हात जातो. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांमधूनच खाली उतरतं आणि माती आतून भिजत जाते.

हे यंत्र मला मनापासून आवडतं. मूठ सावकाश, एका लयीत पिळायची. स्प्रिंग ताणली जाते, मग माती तुटते आणि पाती एकदम सैल फिरतात. त्या क्षणाचा आकडा म्हणजे ओल्या चिकणमातीची शिअर स्ट्रेंग्थ, म्हणजे सरकून तुटण्याआधी ती किती ताण सोसते ते, किलोपास्कलमध्ये. घाईने पिळलं की आकडा उगाच वर जातो. २० बाय ४० मिलिमीटरच्या पात्याचा आकडा जसाच्या तसा घ्यायचा. लहान पातं लावलं तर दुप्पट, मोठं लावलं तर निम्मा. पात्याखाली मुरूम किंवा मूळ आलं तर ते रीडिंग मी खोडते आणि वीतभर सरकून पुन्हा घेते.

त्या सकाळी साइटवरच्या एका नव्या इंजिनिअरने वहीत हिशोब मांडला: चराची भिंत आधाराशिवाय किती उंच उभी राहील? स्ट्रेंग्थची चौपट, भागिले मातीचं एकक वजन, म्हणजे एका घनमीटरचं वजन. २८ चोक ११२, भागिले १८, म्हणजे सहा मीटरच्या वर. "मॅडम, अडीच मीटर तर आरामात उभं राहील."

सूत्र बरोबर, गुणाकार-भागाकारही बरोबर. पण पाती मोजतात चार सेंटिमीटर उंचीचा मातीचा एक दंडगोल, आणि तोही दोन भेगांच्या मधला. भिंत कोसळते ती भेगेवरून. भेगेत पाणी भरलं की ते भिंतीला बाहेर ढकलतं, आणि त्या ढकलण्याचा वहीत कुठेच पत्ता नसतो.

मी हे पुस्तकात शिकले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच हिशोबावर एका चरात माणसं उतरवली होती. दुपारी कडेच्या मातीचा एक भाग सुटला आणि एक मजूर कमरेपर्यंत गाडला गेला. आम्ही हातांनी माती उपसली, कारण फावडं त्याच्या पायाला लागेल अशी भीती होती. तो वाचला. त्याच्या बोटांची माझ्या मनगटावरची पकड मला अजून जाणवते. रीडिंग मीच घेतलं होतं, आणि ते चुकलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक रीडिंगशेजारी आणखी एक रकाना असतो: चराच्या काठावर भेगा किती, काठापासून किती लांब, कोरड्या की भरलेल्या. बेशाच्या त्या सकाळी काठापासून हातभर अंतरावर, चराला समांतर, एक लांब भेग पाण्याने भरलेली होती. मी मुकादमांना ती दाखवली.

"भाऊ, फळ्या अन् बल्ल्या लावल्याशिवाय कोणी उतरायचं नाही."

त्यांनी पोकलेनवाल्याला हात दाखवून थांबवलं. बल्ल्यांची गाडी यायला दुपारचे तीन वाजले. तोवर चर रिकामा होता.