एक्कावन्नाव्या वर्षी मोडी शिकायला बसले

२०२३ च्या शेवटी मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधायचं काम सगळीकडे सुरू झालं तेव्हा माहेरी भावाने पण जुने कागद बाहेर काढले, सगळे मोडीतले, म्हणजे मराठीच पण जुन्या वळणाच्या मोडी लिपीत लिहिलेले, आणि घरात एकालाही वाचता येईना. वाचणारे तेव्हा मिळतच नव्हते, जो तो त्यांच्याच मागे. आमच्या आजोबांना शाळेत मोडी होती आणि आपण आपल्याच घरच्या कागदापुढे अडाणी, हे मला फार लागलं. मी एक्कावन्न वर्षांची, लेक नोकरीला बंगलोरला, म्हटलं आता नाही शिकलो तर कधी.

दहा दिवसांचा वर्ग केला, मुळाक्षरं झाली, बाराखडी झाली, सर्टिफिकेट पण मिळालं. घरी येऊन कागद समोर धरला तर एक ओळ लागेना. वर्गातले नमुने स्वच्छ असतात हो, पण इथे कारकुनाचा पळता हात. मोडीत आधी रेघ आखायची आणि मग तिच्याखाली लिहीत सुटायचं, शब्द कुठे संपला ते कळत नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, र तर शेजारचं अक्षर बघून रूप बदलतो.

मग ठरवलं रोज रात्री जेवणं झाली की एक तास बसायचं. नऊ दिवस टिकलं. रात्री डोळे थकलेले असतात, ऑफिस डोक्यात असतं, या वयात तो तास खरंच निघत नाही हे मान्य केलं आणि सकाळी पावणेसहाला चहा झाल्यावर वीस मिनिटं धरली. वही, पेन, जवळचा चष्मा आदल्या रात्रीच टेबलावर काढून ठेवायचा, कारण चष्मा शोधण्यातच पाच मिनिटं गेली की मन उठतं. ही एवढीशी गोष्ट, पण माझं सगळं त्यावर चाललं.

तरी खंड पडला. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, लगेच गणपती, अठरा दिवस वही उघडली नाही आणि परत बसायची भीतीच वाटायला लागली. ह्यांनी सांगितलं, अगं एकच ओळ कर आणि ऊठ. तेव्हापासून तोच नियम आहे, पाहुणे असोत, ताप असो, निदान एक ओळ. वाचायची नाही तर नुसती नक्कल करायची, जशी दिसते तशी गिरवायची. आणि मला खरंच असं आढळलं की डोळ्याला कळायच्या आधी हाताला कळतं, गिरवता गिरवता एखादं अक्षर आपोआप उलगडतं.

पहिलं काय लागलं तर "मौजे", पुढे गावाचं नाव. मग तीन दिवस एका शब्दावर अडले. मी "बीन" वाचत होते, वाजवायची बीन, अर्थच लागेना. चौथ्या दिवशी भाजी चिरताना लख्ख कळलं की ते "बिन" आहे, अमक्याचा मुलगा तमका, दोन नावांच्या मधे येतं ते. हात तसाच पुसून वही उघडली आणि पुढची तीन नावं सलग वाचली. भावाला फोन केला तर त्याला बोलताच येईना.

आता दीड वर्ष झालं. १९२६ सालचं एक खरेदीखत पूर्ण लागलं, कुणबी नोंद काही त्यात निघाली नाही, पण शेवटी साक्षी आहेत. लिहिता न येणाऱ्यांच्या नावापुढे निशाणी नांगर, म्हणजे छोटासा नांगर काढलेला. आणि सगळ्यात खाली एका बाईचं नाव, पुढे निशाणी बांगडी, शाईचा एक गोल, थोडा वाकडा, एका बाजूला शाई जास्त उतरलेली. ती माझी पणजी. तिचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं, मी वाचलं. दुसऱ्या दिवशीची माझी एक ओळ म्हणजे तेच नाव, मोडीत, पानभर.