त्याच्या बोटांना लागलेली फक्की

गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीत माझं मोटर भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, दुकान आहे. पावसाळा सरला की विहिरीवरचे पंप येतात, मग आंब्याच्या फवारणीचे, लग्नसराईत मिक्सर आणि पंखे. संध्याकाळी गिऱ्हाईक आटलं की खेळून आलेली पोरं पाणी प्यायला दुकानात टेकतात आणि फिरून फिरून तेच विचारतात, "दादा, तुम्ही त्याला धरलेलात ना?"

मी म्हणतो, हो, धरला होता.

तो कोण, ते इथे लिहीत नाही. त्याला न विचारता त्याचं नाव मिरवणं बरं नव्हे. गुहागर-दापोलीकडच्यांना कळायचं ते कळेलच. दाभोळ खाडीच्या पलीकडचा, माझ्याच वयाचा, मातीवरून मॅटवर गेलेला आणि पुढे प्रो कबड्डीत खेळलेला. मी अलीकडचा. मातीवरच राहिलेला.

आता पोरांना वाटतं, एवढ्या मोठ्या खेळाडूला धरला म्हणजे दादा काय खेळत असेल! खरी गोष्ट तेवढी सोपी नाही, आणि ती मी सतरा वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

धोपावे ते दाभोळ फेरीबोट 2003 साली सुरू झाली. त्याआधी पलीकडचा संघ म्हणजे परमुलूखच. होडीतून येतील तेवढी माणसं, नाहीतर चिपळूणवरून सगळा वळसा. बोट आली आणि टेम्पोसकट अख्खा संघ दहा-पंधरा मिनिटांत आमच्या अंगणात उतरू लागला. भात झोडून झालं, दिवाळी सरली की शिमग्यापर्यंत आमच्याकडे दर आठवड्याला कुठल्यातरी वाडीत स्पर्धा. मुंबईकर मंडळी चषक आणि बक्षिसाची रक्कम पाठवायची, वाडीतली पोरं मैदान करायची. मैदान करणं म्हणजे खळं करण्यासारखंच काम. जमीन खणायची, खडे वेचायचे, चाळलेली माती पसरायची, पाणी मारायचं आणि ओल असतानाच चोपण्याने चोपून काढायची. मग दोऱ्या ताणून फक्कीच्या रेषा. एवढं करूनही एखादा खडा राहायचाच आणि तो नेमका पकड करणाऱ्याच्या कोपराला सापडायचा.

मी उजवा कोपरा सांभाळायचो. चढाईला मला कुणी पाठवत नसे, दम लवकर सुटायचा. पण पाय धरण्यात हात बसला होता. कोपऱ्यातला माणूस चढाईवाल्याच्या तोंडाकडे बघत नाही. छाती बघायची नाही, हातही नाही, ते सगळे फसवतात. गुडघ्याखाली नजर ठेवायची. हे मला काकांनी शिकवलं. ते स्वतः हुतुतूच्या जमान्यातले, आणि "मॅटवर कसली कबड्डी, ती तर गादीवरची कुस्ती" असं अजूनही म्हणतात.

त्याला मी पहिल्यांदा पाहिला तो वजनकाट्यावर. किशोर गटाला वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते आणि तो अर्धा किलो जास्त भरला. रेशन दुकानातून आणलेला काटा, त्यावर उघडाबंब उभा हा लांबलचक पोरगा, आणि भोवती त्याच्या संघातले सगळे त्याला शिव्या घालताहेत, "मेल्या, सकाळी एवढे घावन कुणी खायला सांगितले होते?" मग तो देवळाभोवती पळायला लागला. आम्ही गडग्यावर बसून मोजत होतो. अकरा फेऱ्या मारून आला, पुन्हा काट्यावर चढला, बसला वजनात. आणि त्यानंतर तासाभरात त्याने आम्हाला असं झोडपलं की आमच्यावर दोन लोण चढले, म्हणजे अख्खा संघ दोनदा बाद.

दिसायला काडी, पण मध्यरेषेपासून आमच्या कोपऱ्यापर्यंत त्याला दोनच ढांगा लागायच्या. त्याची खोड मला तिसऱ्या सामन्यात सापडली, आणि ती बघून नाही, ऐकून. कबड्डी कबड्डी म्हणत तो यायचा ते अगदी स्वच्छ, शाळेत पाढे म्हणावेत तसं. पण पाय टाकायच्या आधी, एक श्वास आधी, त्याचा 'क' गळायचा. नुसतं 'बड्डी बड्डी' ऐकू यायचं. मग पाय आलाच म्हणून समजायचं. मी हे आमच्या कप्तानालाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? माझ्याकडे तेवढीच एक चीज होती.

डिसेंबर 2007, दत्तजयंतीचा उत्सव, आमच्याच वाडीतली स्पर्धा. अंतिम सामना आमचा आणि त्यांचा. हॅलोजन लावलेले, जनरेटरचा धूर सगळा प्रेक्षकांत, माइकवर आमच्या प्राथमिक शाळेचे गुरुजी. सामन्यापेक्षा गुरुजी जास्त बोलत होते. मध्यंतराला रेषा पुसट झाल्या म्हणून कुणीतरी घमेल्यातून फक्की आणून त्या पुन्हा ठळक केल्या. हे लक्षात ठेवा.

शेवटची चढाई. 19-19. आम्ही चौघे आत. तो आला, एकदा डाव्या बाजूला हूल दिली, परत मध्यावर गेला. गुरुजींचा माइक चालूच. पण मला ऐकू आलं, बड्डी, बड्डी. मी डोळे मिटूनच सूर मारला म्हणा ना. त्याचा डावा घोटा दोन्ही हातांत आला. एकदा घोटा आला की सोडायचा नाही, तोंडात माती गेली तरी चालेल. तो मला घेऊन सरकायला लागला. शेजारचा माझा साखळीतला गडी त्याच्या कमरेवर पडला, तरीही हा सरकतोच आहे. माझं हनुवटीचं कातडं तिथेच राहिलं. मग तो पुढे आडवा पडला, उजवा हात लांब केला, धूळ उडाली आणि पंचांची शिट्टी वाजली. पंचांनी हात आमच्या बाजूला केला.

वाडी मैदानात घुसली. मला कुणी उचललं, कुणी पाठीत धपाटे घातले. त्या गर्दीत तो उठून बसला आणि त्याने स्वतःचा उजवा हात पाहिला. मीही पाहिला. मधल्या दोन बोटांची टोकं पांढरी होती.

कबड्डी न खेळलेल्यांसाठी सांगतो. चढाईवाला पकडीत असताना दम न सोडता मध्यरेषेला टेकला, नुसतं बोट जरी लागलं, तरी तो सुटला. उलट त्याला धरणारे सगळे बाद. म्हणजे मी बाद, माझा जोडीदार बाद, 21-19 ने चषक खाडीपलीकडे. पंच त्या क्षणी आमच्या पाठीमागे होते, त्यांना दिसलं नसणार. त्यांना दोष देत नाही. दिसलं होतं ते आम्हा दोघांना. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोटं चड्डीला पुसली आणि उठून आपल्या संघात गेला. मी तोंड उघडलं नाही. सोळाव्या वर्षी, स्वतःच्या वाडीत, खांद्यावर बसलेला असताना, तोंड उघडणारा कुणी असेल तर मला त्याचे पाय धरायचे आहेत, आणि हे कबड्डीतलं पाय धरणं नव्हे.

त्या रात्री बक्षीससमारंभ लांबला, गुरुजींमुळेच, आणि पलीकडच्यांची शेवटची बोट चुकली. संघ देवळाच्या सभामंडपात झोपला. जेवायला वाटून घेतले, चार-पाच घरांत. आमच्या ओटीवरही पानं मांडली. मी पडवीत अंगावर चादर ओढून पडलो. आई दोनदा हाक मारून गेली. झोपलाय, दमलाय, असं ती बाहेर सांगत होती आणि मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

पुढचं भरभर सांगतो. मी आयटीआय केलं. तो जिल्ह्याच्या निवड चाचणीतून राज्य अजिंक्यपदाला गेला, मग मुंबईच्या एका संघात, मग खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. कोकणातल्या कबड्डीपटूची ही ठरलेली वाट आहे, आणि नोकरी लागली की घरचे म्हणतात, झालं, पोरगा मार्गी लागला. पण 26 जुलै 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि वाट एकदम पुढे लांबली. आठ संघ होते. त्या पहिल्या लिलावात सगळ्यांत महाग गेला राकेश कुमार, 12 लाख 80 हजारांना, आणि आमच्या नाक्यावर त्या आकड्याची आठवडाभर चर्चा. चारच वर्षांनी मोनू गोयतला 1 कोटी 51 लाख मिळाले तेव्हा चर्चासुद्धा झाली नाही, लोक गप्पच झाले. पहिल्या वर्षीची अंतिम लढत आम्ही वीसजणांनी एका हॉटेलात बघितली. जयपूरने यू मुंबाला 35-24 हरवलं आणि हॉटेलवाल्याने रागाने चहा द्यायचा बंद केला.

टीव्हीमुळे आमच्याकडेही खेळ बदलला. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. हा नियम वाडीतल्या स्पर्धांनी लगेच उचलला. काका नाक मुरडतात. मला विचाराल तर चांगलं झालं. पूर्वी आघाडी घेतली की चढाईवाले नुसते हवा खाऊन परत यायचे, तो कंटाळा गेला. पण तीस सेकंदांचं घड्याळ आलं आणि दमाची मजा गेली, हेही खरं.

2017 साली, संघ बारा झाले त्या वर्षी, तो टीव्हीवर दिसला. बदली खेळाडू म्हणून आत आला. पायात बूट. ज्या पायांना मी अनवाणीच ओळखत होतो त्यांना बूट बघून परकं वाटलं. बाहेर धो धो पाऊस. मी बायकोला म्हटलं, बघ, हा आता डावा पाय टाकणार. आणि लाइट गेली. कोकणातल्या ऑगस्टमध्ये लाइट जाणं यात नवल नाही, पण तेव्हा महावितरणच्या आणि वरुणाच्या दोघांच्या नावाने मी जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. लाइट आली तेव्हा तो बाकावर बसून पाणी पीत होता. गुण मिळाला की नाही ते दुसऱ्या दिवशी मोबाइलवर कळलं. मिळाला होता.

त्यानंतर त्याचे जेवढे सामने दाखवले तेवढे मी बघितले. एक गोष्ट मात्र छळायची. टीव्हीवर त्याचा दम ऐकू येत नाही. समालोचक, संगीत, प्रेक्षक, सगळ्यांत तो बुडून जातो. तोंड हलताना दिसतं. 'क' गळला का, ते कळत नाही. म्हणजे समोरच्या कोपऱ्यातल्या त्या हरयाणाच्या पहिलवानाला ऐकू येत असेल, पण त्याला ठाऊक नाही काय ऐकायचं. आणि मला ठाऊक आहे तर मी शृंगारतळीत.

गेल्या वर्षी मे महिन्यात दापोलीला एका बागायतदाराची मोटर पोचवायला निघालो होतो. धोपाव्याला बोटीत गाडी चढवली आणि बघतो तर कठड्याला टेकून तो उभा. गुडघ्याला पट्टा, पोट थोडं सुटलेलं, हातात आंब्याची पेटी. खेळणं थांबलं होतं. ओळख द्यावी की नको या विचारात बोट अर्ध्यात आली. शेवटी त्यानेच पाहिलं.

"तू तो उजवा कोपरा ना?"

मी हो म्हटलं. वाटलं, आता ते निघणार. तर तो म्हणाला, "तुझ्या घरी मी जेवलोय. दत्तजयंती म्हणून मासळी नव्हती. कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला पापड. अरे, तशी पिठी मी नंतर कुठे खाल्ली नाही. आई बऱ्या आहेत ना?"

बऱ्या आहेत, म्हटलं. मग राहवेना. समोर दाभोळचा धक्का जवळ येत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. फक्की, मधली दोन बोटं, मी बघून गप्प बसलो ते.

तो जरा वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग हसला. "दम सुटला होता रे माझा. हात टेकायच्या आधीच. तू पायाला, तो कमरेला, वारा कुठला राहतोय छातीत? गुरुजींच्या माइकमुळे कुणाला कळलं नाही एवढंच."

मला ऐकू आलं नव्हतं. त्याचा 'क' गळलेला ऐकणारा मी, मलाच. खरं बोलला की माझं मन राखलं, अजून ठरत नाही. मी विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात बोटीची फळी खाली पडली, मागच्या जीपवाल्याने हॉर्न मारला. त्याने पेटी खांद्यावर घेतली आणि गुडघा जपत, एकेक पाय टाकत उतरून गेला. आधी डावा.

रात्री घरी येऊन आईला सांगितलं. तो भेटला होता, तुझ्या पिठीची आठवण काढत होता, टीव्हीवर यायचा तो.

"कुठला?" आई म्हणाली. "त्या रात्री तेराजणं होती ओटीवर. मला एवढंच आठवतंय की भात पुरला नाही आणि तू जेवला नव्हतास."