तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतल्या नटीचा सिनेमा सांगलीत का केला?

"सिनेमा न्यू जर्सीतल्या नटीचा, मग शूटिंग सांगलीच्या विश्रामबागेत कसं काय?" भावे नाट्यमंदिराबाहेर असो की कुणाच्या लग्नात, हा प्रश्न चुकत नाही. विचारणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: पैसे नव्हते. नव्हतेच. पण असते तरी मी इथंच केला असता.

आमची नायिका सांगलीत नाटकं करून नवऱ्यामागं तिकडं गेलेली. नवरा एच-1बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ती एच-4 म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर. एच-4 वर नुसतं राहता येतं, पगारी काम करता येत नाही. 2015 पासून काही जणींना कामाचा परवाना मिळतो, तोही नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल ठरावीक टप्प्यापर्यंत सरकली असेल तरच. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी जिथं 'सीतास्वयंवर' रंगवलं त्या गावची पोरगी, आणि भूमिका मिळाली तरी मानधन घ्यायची सोय नाही!

परवाना आल्यावर सुरू होतात सेल्फ-टेप. ऑडिशन घरच्या घरी. मागं कोरी भिंत, समोर मोबाइल. नाव सांगा, उंची सांगा, चेहरा दोन्ही बाजूंनी दाखवा. समोरच्या पात्राची वाक्यं कुणीतरी वाचायला लागतं. हिच्यासाठी ती सांगलीतली मैत्रीण वाचते, फोनवरून. उन्हाळ्यात तिकडं सकाळचे दहा वाजले की इथं संध्याकाळचे साडेसात, त्यामुळं ऐन रडण्याच्या प्रसंगात कुकरची शिट्टी. टेप पाठवायची आणि वाट बघायची. नकारसुद्धा कळवत नाहीत.

तर तिचं काम शोधणं हे असं एका खोलीत चालतं. तिला न्यूयॉर्कच्या झगमगाटात फिरवलं असतं तर पर्यटक वाटली असती.

खोली मात्र अमेरिकेतलीच दिसायला हवी होती. खिडक्यांचे गज पट्ट्यांच्या पडद्यांनी झाकले. घंटागाडीच्या गाण्यामुळं संवाद रात्री घेतले. दिव्याचं बटण आपल्याकडं खाली दाबलं की लागतं, तिकडं वर केल्यावर. वायरमनकाका म्हणाले, "उलटं बसवू व्हय मॅडम? लोक म्हणतील, कुणी केलंय काम!" बसवलं. पडद्यावर ते दोन सेकंद दिसतं आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: शेवटी तिला काम मिळतं का? मिळतं, आवाजाचं. कॉल सेंटरमधल्या मुलीचं. पुण्यातल्या स्पर्धांत परीक्षकांनी तिच्या बोलण्यातली सांगली काढायला लावली होती, तिनं ती काढलीही. तिकडं इंग्रजी घासूनपुसून लख्ख केलं. आणि आता ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेपलीकडून सांगतात, "थोडं अजून इंडियन करा." ती करते, चोख करते. चेक घेते.

यावर कुणी हसतं, कुणी चिडतं. मिरजेच्या एका काकू म्हणाल्या, "पैसे वेळेवर दिले ना? मग झालं तर."