एकोणीस दिवस

१८ जून, पहाटे साडेतीन

परत आलं.

पडवीच्या पत्र्यावर पाऊस ताशा बडवतोय आणि मी अंथरुणात बसून डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवून मोजतेय. मोजायचं तरी काय! एक, दोन, मग काहीच नाही, मग तीन ठोके एकमेकांच्या पायात पाय घालत, मग परत गप्प. पाग झाडल्यावर वाळूत पडलेली बोय कशी तडफडते, थांबते, मेली म्हणेस्तोवर पुन्हा शेपटी आपटते, तसं छातीत चाललंय. दुखत नाही. दुखलं असतं तर निदान कुणाला उठवायला कारण मिळालं असतं.

हृदयाचे ठोके ताळ्यावर आणायला ३० मेला कोल्हापुरात छातीवर विजेचा शॉक दिला होता. आज एकोणिसावा दिवस. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक बारीक फुली मारत होते. जावेला वाटलं दुधाचा हिशेब आहे.

यांना उठवलं नाही. चहा झाल्यावर सांगेन.

२० जून

देवगडला जाऊन ईसीजी काढून आणला. तीन महिन्यांत हा कागद वाचायला शिकलेय. उंच सुळक्याच्या आधी एक बारकं टेकाड असतं, त्याला पी म्हणतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून विजेची लाट नीट सरकली की ते टेकाड उमटतं. शॉकनंतरच्या कागदावर प्रत्येक सुळक्याआधी ते होतं, मी बोट लावून मोजलं होतं. लहान मुलाचे दात मोजावेत तसं. आजच्या कागदावर टेकाडं गेली. त्यांच्या जागी पावसात विहिरीच्या पाण्यावर दिसते तशी थरथर, आणि सुळके मनाला येईल तिथे उभे. वरचे कप्पे मिनिटाला चारशे-पाचशे वेळा नुसते थरथरतात, त्यातले थोडेच ठोके खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतात, तेही कसलाच नेम नसल्यासारखे. नाडी १२८.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, ठोके कमी ठेवायची गोळी वाढवायला सांगितली आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. "परत आलंय. होतं असं." चुकीचं काहीच बोलले नाहीत, पण एसटी चुकल्याचं सांगावं तसं सांगितलं. मला दिवसभर राग होता. त्यांचा की माझा, कळलं नाही.

२३ जून

घरात कोर्ट भरलंय.

जाऊ म्हणते, पहिल्या पावसात भिजत फाटी आत टाकलीस, तिथेच झालं. ठाण्याहून मुलगा फोनवर म्हणतो, आई, चहा. यांचा संशय मिरगाच्या कोंबडीच्या रश्श्यावर. तो रस्सा यांनीच दोनदा वाढून घेतला होता, ते सोडा. नणंदेने सावंतवाडीहून सांगितलं, "देवाची राखण चुकली आसतली, गाऱ्हाना घालून घी." आणि मी स्वतः? माझी तर यादीच आहे. बाराव्या दिवशी भरलेली कळशी उचलली. पंधराव्या दिवशी सुनेशी फोनवर वाजलं. सतराव्या दिवशी रात्री झोप नव्हती.

एप्रिलमध्ये चूक माझी होती, हे कबूल. शॉक द्यायच्या आधी सलग तीन आठवडे रक्त पुरेसं पातळ असावं लागतं, म्हणजे आयएनआर, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये. कारण कप्पा आकसायचा सोडून थरथरत राहिला की त्याच्या डाव्या बाजूच्या खिशासारख्या कोपऱ्यात रक्त साचून राहतं. खाडीच्या आतल्या वळणावर पाणी हलत नाही आणि तिथे शेवाळ धरतं ना, तशी तिथे गुठळी धरते. आणि ठोका ताळ्यावर आला की तीच गुठळी सुटून मेंदूकडे जाऊ शकते. माझ्या आत्तेची उजवी बाजू गेली होती. ती डाव्या हाताने जेवायची आणि कुणी बघितलं की ताट पदराखाली घ्यायची. त्यामुळे हे मला दोनदा सांगावं लागलं नाही.

तरीही हापूसच्या दिवसांत व्हायचं तेच झालं. रात्री बारापर्यंत पेट्या भरायच्या, पेंढा पसरायचा, आंबा देठाकडून बघून पाच डझनाला बसवायचा, वाशीचा टेम्पो दारात उभा. रक्त पातळ करायची नऊची गोळी किती रात्री राहिली ते मला नक्की सांगता येणार नाही. दोन तरी. कोल्हापुरात रिपोर्ट आला १.६. शॉक न देताच, ज्या पावली गेलो त्या पावली परत. फोंडाघाटाच्या अलीकडे, दाजीपूरला, हे चहाला थांबले. तोवर एक शब्द बोलले नव्हते. कप हातात देऊन म्हणाले, "पेटये काय गो, फुडल्या वर्साकय भरूक येतले." बस. आजतागायत त्या दिवसाबद्दल एवढंच.

एप्रिलची चूक माझ्या नावावर लिहा. जूनमध्ये एकही गोळी चुकलेली नाही. डब्यातली घरं बघून सांगते. पण मन दोन्ही वेळेला तीच काठी घेऊन बसतं.

२८ जून

कोल्हापूर. घाटात धुकं, राधानगरीपर्यंत दिवे लावून.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. डावा वरचा कप्पा ५२ मिलिमीटर. चाळीसच्या आत असायला हवा. याचं मूळ चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे आहे. अकराव्या वर्षी घसा धरला, मग गुडघे सुजले, मग कोपरं. सांधे बरे झाले, पण त्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप धरली. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तालुक्याच्या दवाखान्यात, बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून. लग्नानंतर झडप फारच आखडली तेव्हा २००८ साली मुंबईत मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडली. ती आता पुन्हा थोडी अरुंद झालीय. इतकी वर्षं त्या अरुंद दारातून रक्त ढकलून ढकलून कप्पा ताणला गेला.

"एवढ्या ताणलेल्या कप्प्यात शॉकचा ठोका टिकणं कठीणच असतं," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, कळशी उचलल्यामुळे? त्यांनी चष्मा काढला. "मावशी, कळशीचा काय संबंध?"

मुलाने पाठवलेला प्रश्नही विचारला. रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या आल्यात ना, ज्यांना सारखी रक्ततपासणी लागत नाही? अरुंद झडपवाल्यांना त्या चालत नाहीत, तुमच्यासाठी जुनी वॉरफेरीनच. बरं.

मग ठरलं ते असं. ताल पकडायचा नाद आता सोडायचा. शॉकनंतर ताल टिकवायला सुरू केलेली गोळी, अमिओडॅरोन, बंद. ठोका वेडावाकडा चालला तर चालू दे, बसल्या जागी ११०च्या आत ठेवायचा आणि गुठळी होऊ द्यायची नाही. डॉक्टर म्हणाले, ही हार समजू नका, हाही एक रीतसर उपचार आहे. मी मान हलवली. राधानगरीच्या पुढे जंगल लागल्यावर रडू आलं. यांनी खिडकी थोडी खाली केली, पाऊस आत आला, मी म्हटलं बंद करा, भिजतेय. म्हणाले, "तेच बरा. तोंड पुसूक निमित्त."

९ जुलै

सकाळी दात घासताना फेस गुलाबी आला. दुपारी पिंडरीवर जांभळा डाग, आपटल्याचं आठवत नाही. संध्याकाळी लॅबचा निरोप: आयएनआर ४.८.

आणि हे माझ्या शहाणपणाने झालं. निदान निम्मं तरी.

कोल्हापूरहून आल्यावर मी ठरवलं की आता कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. पालेभाजीने गोळीचा जोर कमी होतो हे माहीत होतं. तर पालेभाजीच बंद. आणि हेच दिवस टाकळ्याचे. बांधावर कोवळा टाकळा, फोडशी, न्हाणीघरामागे अळू हातभर पानांचं. जाऊ चण्याची डाळ घालून फदफदं करते, वरून लसणीची फोडणी, आणि मी बाजूला बसून पेज-लोणचं. अकरा दिवस. मोठी तपस्विनी.

डॉक्टर फोनवर नीट बोलले या वेळी. पाल्यात के जीवनसत्त्व असतं, त्यातून रक्त गोठायला मदत होते, आणि गोळी नेमकं त्याचंच काम अडवते. म्हणजे रस्सीखेच. माझ्या रोजच्या जेवणातली भाजी धरूनच गोळीचं माप बसवलेलं. एका बाजूने दोर एकदम सोडला की दुसरी बाजू उताणी पडते. त्यात अमिओडॅरोनमुळे वॉरफेरीनचा जोर वाढतो, आणि ती बंद केली तरी अंगातून जायला कित्येक आठवडे घेते. म्हणून काही दिवस दर आठवड्याला तपासणी, आजची आणि उद्याची गोळी सोडायची, परवा रक्त. "भाजी खा. फक्त रोज तेवढीच खा. अळू आवडतं ना? मग वाटी ठरवा."

एवढं सांगायला कुणीतरी आधी हवं होतं. कदाचित सांगितलंही असेल, त्या पहिल्या दिवशी, जेव्हा कानात नुसता समुद्र होता.

मुलाने रात्री आणखी एक भर घातली. वॉरफेरीन १९४८ साली बाजारात आलं ते उंदीर मारायचं औषध म्हणून. माणसांना द्यायला लागले १९५४ पासून. मूळ शोध लागला तो गुरांवरून. अमेरिकेत बुरशी आलेला चारा खाऊन गाईगुरं रक्तस्रावाने मरायला लागली होती, त्या चाऱ्यातलं द्रव्य विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेत वेगळं काढलं. नावातलं 'वॉरफ' हे तिथल्या संस्थेच्या आद्याक्षरांचं. यांना सांगितलं. यांनी अंधारात माडांच्या शेंड्यांकडे बघितलं. यंदा उंदरांनी कोवळे नारळ निम्मे पाडलेत. "मगे तेंकाय घाल दोन."

हसताना हिरडी दुखली.

१३ जुलै

मुलाने पाठवलेलं घड्याळ चार दिवस सापडत नव्हतं. मनगटावर ठोके दाखवणारं. चूल पेटवताना ९४, ओटीवर बसून १०३, घड्याळाकडे बघितलं म्हणून ११६, ११६ बघितलं म्हणून १२४. रात्री मी ते पांघरुणात घेऊन बघायचे, हिरवा उजेड पडायचा.

आज भातासाठी तांदूळ काढताना डब्यात बोटांना लागलं. फडक्यात गुंडाळलेलं. यांना विचारलं तर म्हणतात, पावसाची दमट हवा, तांदळात सुकं राहता.

होतं तिथेच ठेवलं. सकाळी चहाआधी एकदा आणि रात्री गोळीच्या वेळी एकदा, बोटांनीच, मिनिटभर. वहीत आकडा. मध्ये नाही. (काल मध्ये दोनदा बघितलं. वहीत लिहिलं नाही.)

२२ जुलै

आयएनआर ३.३. उतरतोय. नाडी सकाळी ८८.

जिना चढताना दम लागतो तो लागतोच. खळ्यात झाडू मारून झाल्यावर टेकावं लागतं. पूर्वी मी टेकले की जाऊ हातातला झाडू काढून घ्यायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज तिने शेजारी स्टूल आणून ठेवलं आणि स्वतः निघून गेली. ही बाई पंचवीस वर्षं माझ्याशी भांडतेय, पण कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळतं.

२९ जुलै

आयएनआर २.५.

नणंद आलीय, ती गाऱ्हाण्याचा हट्ट सोडीना. म्हटलं चला. सोमवार होता, पाऊस ओसरलेला, रवळनाथाच्या देवळात खांबांना टेकून दोन म्हातारे आणि मानकरी, बाकी आम्ही घरचे. नारळ, विडा ठेवला. मानकऱ्यांनी विचारलं, "काय मागूचा?"

नणंद म्हणाली, "वयनीचा काळीज पयल्यासारख्या कर म्हणान सांगा."

मी म्हटलं, नको. ते होणारं नाही, देवाला उगाच कशाला अडचणीत घालायचं. मानकरी माझ्याकडे बघत राहिले. मग मी त्यांना आयएनआर समजावला. भर देवळात, ओली छत्री बाजूला ठेवून, शेवाळ आणि खाडीसकट सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, दोन आकडे परत विचारून घेतले, घसा खाकरला आणि हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेयल्यान हा. तेचा रगात दोन ते तिनाच्या मदी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खांबाकडचे दोघे म्हातारे एकदम.

"आणि ठोके एकशेधाच्या भायर जावक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.