स्वयंभू गंधाराची अडचण

दिवसा मी जाहिरातींच्या जिंगल्स करतो आणि रात्री स्वतःचं संगीत. ते संथ आणि काळोखी असतं, बहुतेक वेळा ताल नसतो. सगळं सिंथवर, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या सिंथेसायझरवर, आणि सगळं एकट्याने. वाद्य मीच वाजवतो, ध्वनिमुद्रण माझंच, मिक्सही माझाच. या प्रकाराची रीतच तशी आहे. एम्परर या ब्लॅक मेटल बँडमधून बाहेर पडलेला नॉर्वेचा मॉर्टिस १९९३ पासून असाच एकट्याने कीबोर्डवर लांबलचक अंधाऱ्या रचना करत बसला. पुढे त्या संगीताला 'डंजन सिंथ' हे नाव चिकटलं. एकट्याने काम करण्याचा फायदा म्हणजे कुणी अडवत नाही. तोटाही तोच.

मला अडवलं ते एका मराठी भयकथेच्या ऑडिओ मालिकेने. दिग्दर्शिका तरुण आणि स्पष्ट बोलणारी. वाड्याच्या तळघराच्या प्रसंगासाठी मी एक घुमारा करून पाठवला होता. सॉ-टूथ तरंग, म्हणजे सिंथचा उपस्वरांनी भरलेला धारदार आवाज घेतला, वरचे स्वर कापणारा फिल्टर जवळजवळ पूर्ण मिटला, खाली फक्त षड्ज गरगरत ठेवला. हेडफोनवर छातीत धडकी भरत होती. तिचा फोन आला, "दादा, फाईल रिकामी आलीय का?" ती मोबाईलच्या स्पीकरवर ऐकत होती. तिचे श्रोतेही तसेच ऐकणार, स्वयंपाक करता करता नाहीतर बसमध्ये. मोबाईलचा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही देतच नाही आणि माझा सगळा अंधार त्याच्या खाली होता.

यावर पुस्तकी उपाय आहे. खालच्या स्वराचे वरचे उपस्वर, म्हणजे त्याच्यासोबत आपोआप उमटणारे उंच स्वर, ऐकू आले, की मूळ स्वर नसला तरी कान तो भरून काढतो. मग फिल्टर उघडला. पण फिल्टर उघडला की सॉ-टूथ कर्कश होतो. भीती जाते आणि कारखाना येतो.

मग तंबोरे बनवणाऱ्यांचं मिरज सुचलं. तंबोऱ्याचा स्वर खालचा, पण उपस्वरांनी भरलेला. सिंथ सोडून तंबोऱ्याकडे जाणं म्हणजे पळवाट, असं एक मित्र म्हणालाच. त्याला मी जर्मन संगीतकार क्लाउस शुल्झचं उदाहरण दिलं. या प्रकारातला आद्य माणूस, पण १९७२ च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये सिंथ नाहीच. बिघडवलेला इलेक्ट्रिक ऑर्गन आणि वाद्यवृंदाची उलटसुलट केलेली टेप, एवढ्यावर काम भागवलंय.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत भोपळे दाराबाहेर रचलेले असतात. इथली ही घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात ती तंतुवाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी ज्यांच्याकडे गेलो, त्या चाचांना मानांकनापेक्षा भोपळ्यांच्या भावाची चिंता जास्त होती. त्यांना मी माझी रचना मोबाईलवर ऐकवली. त्यांनी फोन कानाला लावला, हलवून पाहिला.

"वाजतंय कुठं?"

हेडफोन दिला. थोडा वेळ ऐकलं. "हां. गिरणीत दळण टाकल्यागत वाजतंय." आणि परत कानशीकडे वळले. तिसऱ्यांदा कुणाला तरी दाखवावं, असं तेव्हाच वाटेनासं झालं.

एक मर्दानी, म्हणजे पुरुष गायकांसाठीचा तंबोरा तयार होता, काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात लावलेला. म्हणजे त्याची पितळी खरज, सगळ्यांत खालच्या षड्जाची तार, सुमारे ६९ हर्ट्झवर. तार घोडीला घासून जो गुंजारव देते, ती जवारी. मी म्हटलं, जवारी हळूहळू उघडत न्या, मी प्रत्येक टप्पा रेकॉर्ड करतो. सुरुवात पूर्ण बंद जवारीपासून.

"बंद जवारीचा तंबोरा घेतो कोण?" चाचा म्हणाले. पण त्यांनी तार आणि घोडी यांच्यातलं सूत काढून टाकलं. तार छेडली तर ठक्क करून स्वर आला आणि बसला. माझ्या मिटलेल्या फिल्टरसारखाच, हुबेहूब. मग त्यांनी सूत परत घातलं आणि नखाने केसभर सरकवलं, पुन्हा केसभर. एका जागी तार बोलायला लागली. छेडल्यावर वरचे उपस्वर एकामागून एक खाली उतरत आले, प्रत्येक क्षणभर उजळून पुढच्याला जागा देत. सिंथचा फिल्टर वरून सरसकट कापत येतो. इथे कापाकापी नव्हती, घोडीच्या उतारावर घासणारी तारच आपले स्वर नव्याने वाटून घेत होती. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं होतं, की तार जिथे छेडावी तिथे जे उपस्वर उमटायला नकोत, ते या वाद्यांत उमटतात. वाचलं होतं. पण केसभर सूत सरकताना ते ऐकणं वेगळं.

मध्येच लाइट गेली. पंखा बंद, शेजारच्या दुकानातलं ड्रिल बंद. माझा रेकॉर्डर बॅटरीवर होता. चाचा म्हणाले, आता घ्या. सगळी चांगली टेक त्या वेळातली आहेत. पुढे अजान झाली, ते उठून नमाजाला गेले आणि मी चहा प्यायलो.

परत आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "गंधार ऐका." खरजेतून येणारा स्वयंभू गंधार, कुणी न लावलेला. खरजेचा पाचवा उपस्वर, साडेतीनशे हर्ट्झच्या जरा अलीकडे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि इथेच दफन झाले, त्यामुळे चांगल्या तंबोऱ्याची ही कसोटी इथे कुणाला सांगावी लागत नाही. चाचांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. माझ्या पोटात मात्र गोळा आला. हा शुद्ध गंधार! माझी सगळी रचना त्याच्याहून अर्धा स्वर उतरलेल्या कोमल गंधारावर उभी, आणि तंबोरा शुद्ध गंधार सोडायला तयार नाही. त्यांना हे सांगितलं नाही.

पुण्यात आल्यावर आधी तो गंधार अरुंद इक्वलायझरने छाटून पाहिला. तंबोरा मेला. मग उलट केलं. ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने चालवलं. खरज पस्तीस हर्ट्झच्या आसपास गेली, उपस्वरांची उतरण दुप्पट लांबली, गंधार एकशे त्र्याहत्तरवर आला. त्याच्या खालोखाल सिंथवर कोमल गंधार धरला, एकशे पासष्टला, अगदी हळू. दोन्ही गंधार एकमेकांना घासायला लागले. सेकंदाला आठेक वेळा स्वर थरथरायचा, आणि त्यांच्या वरच्या सप्तकातली खरखर मोबाईलवरही ऐकू येत होती. अंधार त्या भांडणात होता. मी महिनोन्‌महिने तो खाली शोधत होतो.

तळघराचा प्रसंग पाठवला. दिग्दर्शिकेने बसमध्ये ऐकला आणि लिहिलं, की निवेदिकेचं वाक्य येतं तिथे दोन डेसिबल कमी करा, बाकी हात लावू नका. तिच्यासाठी कमी केले. माझ्या अल्बमच्या आवृत्तीत निवेदिका नाही, तिथे दोन डेसिबल वाढवलेत.