अंदाजपंचे

आमच्या कंपूत पुरस्कारांचे अंदाज बांधायला कागदावर दोन रकाने आखावे लागतात. एकाचं नाव ‘मिळायला हवा’ आणि दुसऱ्याचं ‘मिळेल’. डिसेंबरात गोल्डन ग्लोबची, म्हणजे सिनेमा आणि मालिकांसाठीच्या अमेरिकी पुरस्काराची, नामांकनं जाहीर झाली की हे कागद फिरायला लागतात आणि सोहळ्याच्या आदल्या रात्रीपर्यंत खाडाखोड चालते. गुण फक्त दुसऱ्या रकान्याचे. पहिला रकाना नुसता मनाच्या समाधानासाठी, आणि नंतर ‘मी सांगितलंच होतं’ असं म्हणायची सोय म्हणून.

दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहिता आलं तर काय हवं! पण तसं क्वचितच होतं, कारण दुसऱ्या रकान्याचा सिनेमाशी फार संबंध नसतो. तो भरताना विचार करायचा तो मतं देणाऱ्या माणसांचा. ती कोण आहेत, त्यांना काय रुचतं, मागच्या वर्षी त्यांनी कोणाला डावललं होतं आणि ती सल अजून शिल्लक आहे का, असा सगळा तो हिशेब. उत्तम अभिनय कोणाचा, हा प्रश्न तिथे जवळजवळ गैरलागू असतो. आमच्यातली जी सर्वांत जास्त सिनेमे पाहते ती गुणांत कायम मागे पडते. तिला मतं आहेत, हाच तिचा तोटा.

गोल्डन ग्लोबचे मतदार तर एके काळी फारच मोजके होते. १९४४ साली सुरू झालेला हा पुरस्कार हॉलिवूड फॉरेन प्रेस असोसिएशन द्यायची. दक्षिण कॅलिफोर्नियात राहून परदेशी वर्तमानपत्रांसाठी लिहिणाऱ्या पत्रकारांची ही संघटना. सभासद जेमतेम नव्वदच्या आसपास, म्हणजे दोन बस भरल्या की मतदारयादी संपली. एवढ्या छोट्या गटाची मर्जी कधी कुठे वळेल याचा नेम नसतो. १९८२ साली नवोदित कलाकाराचा पुरस्कार पिया झडोराला मिळाला. त्याच यादीत पुढे मोठी तारका झालेली कॅथलीन टर्नर होती. त्याआधी पियाच्या धनाढ्य नवऱ्याने मतदारांचा लास वेगसमध्ये पाहुणचार केला होता आणि त्यावरून पुष्कळ गदारोळ झाला. अशा ठिकाणी समीक्षा वाचून काय अंदाज बांधणार?

पुढे २०२१ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने या संघटनेत एकही कृष्णवर्णीय सभासद नसल्याचं उघड केलं, २०२२ चा सोहळा दूरचित्रवाणीवर दिसलाच नाही आणि २०२३ मध्ये संघटनाच विसर्जित झाली. पुरस्कार मात्र चालू राहिला, आता त्याचे जगभरातले तीनशेहून अधिक मतदार आहेत. झालं ते योग्यच झालं. पण म्हणू नये ते म्हणते, अंदाज बांधायला जुनी मंडळी जास्त मजेची होती. त्यांच्या लहरीपणालाही एक वळण होतं आणि ते ओळखू येऊ लागलं की आपण फार हुशार आहोत असं वाटायचं.

शिवाय या पुरस्कारात सिनेमांचे दोन कप्पे असतात: एक ‘ड्रामा’, दुसरा ‘म्युझिकल किंवा कॉमेडी’. कोणता सिनेमा कुठल्या कप्प्यात बसलाय, हे आधी बघायचं. गर्दी कमी तिथे संधी जास्त, हे निर्मात्यांनाही कळतंच. २०१६ मध्ये ‘द मार्शियन’ला सर्वोत्कृष्ट कॉमेडीचा पुरस्कार मिळाला. मंगळावर एकटा मागे राहिलेला माणूस बटाटे पिकवून जगायची धडपड करतो, त्यात दोनचार विनोद करतो, एवढ्यावर तो सिनेमा विनोदी ठरला! त्यानंतर संघटनेने नियमात स्पष्ट केलं की विनोदाची छटा असलेला ड्रामा हा ड्रामाच धरावा. आमच्या कंपूने मात्र धडा घेतला तो वेगळा. विनोदी गटात जो सिनेमा पाहून सर्वांत कमी हसू येतं, त्यावर आधी खूण करायची.

मालिकांचं गणित त्या मानाने सोपं आहे. एमीवाल्यांना, म्हणजे अमेरिकी दूरचित्रवाणीचे पुरस्कार देणाऱ्यांना, एकदा एखादी मालिका आवडली की ते सहसा सोडत नाहीत. ‘मॉडर्न फॅमिली’ला त्यांनी २०१० ते २०१४ अशी ओळीने पाच वर्षं सर्वोत्कृष्ट कॉमेडी ठरवलं. ग्लोबवाल्यांना नव्याची हौस. सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ला त्यांनी पुढच्याच जानेवारीत पुरस्कार देऊन टाकला, तोवर तिचा पहिला सीझनही संपला नव्हता. म्हणून नवी मालिका दिसली की ग्लोबच्या कागदावर डोळे मिटून खूण करावी, आणि तीच एमीच्या कागदावर करताना जरा थांबावं.

ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा अंदाज हे मात्र निराळंच प्रकरण. २००९ पासून तिथे पसंतीक्रमाने मतदान होतं. मतदार सिनेमांना एक, दोन, तीन असे क्रमांक देतो. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिली पसंती मिळाली नाही तर सर्वांत खालचा सिनेमा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. एखादा सिनेमा निम्मी पार करेपर्यंत हे चालतं. म्हणजे काहींना जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसा असलेला सिनेमा इथे मागे पडू शकतो आणि बहुतेकांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला पुढे सरकतो. त्यामुळे अंदाज बांधताना ‘कुणाचा कुणावर जीव आहे’ हे विचारून भागत नाही. ‘कुणाचं कुणाशी वाकडं नाही’ हे शोधावं लागतं. मला हा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी रंजक वाटतो.

एवढं सगळं करून जाणकार जिथे हमखास घसरतात ती जागा म्हणजे एकमेकांचे अंदाज. सगळे एकमेकांचे वाचतात, हळूहळू सगळ्यांचे सारखे होतात आणि सारखे झाले की खात्रीचे वाटू लागतात. २०१९ च्या ग्लोबला ड्रामा गटात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी लेडी गागाचं नाव पुढे होतं. पडद्यावर पाच चौकटींत पाच चेहरे आले. मला हा क्षण फार आवडतो. पाचही जणी सारखंच हसत असतात, आणि नाव पुकारल्यावर चौघींना तेच हसू तसंच ठेवून वर टाळ्याही वाजवायच्या असतात. नाव आलं ग्लेन क्लोजचं. तिचे डोळे असे विस्फारले की सोहळा संपल्यावरही लोक तिच्या चेहऱ्याबद्दलच बोलत होते. झालं! सगळे जाणकार एका रात्रीत तिच्याकडे वळले. ऑस्कर आता तिचंच, इतकी नामांकनं होऊन एकही मिळालेलं नाही, न्याय होणार. ऑस्कर मिळालं ऑलिव्हिया कोलमनला, आणि तीच बिचारी मंचावरून ग्लेन क्लोजला सांगत होती की तुम्ही माझं दैवत आहात, मला हे असं नको होतं.

जाणकारांचं जाऊ द्या, खुद्द यजमानही यात सापडतात. २०२१ च्या ऑस्करला नेहमीचा क्रम मोडून सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार अगदी शेवटी ठेवला होता. आदल्या वर्षी गेलेल्या चॅडविक बोझमनला तो मिळेल आणि सोहळ्याची भावपूर्ण सांगता होईल, असा सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला. पाकिटातून नाव निघालं अँथनी हॉपकिन्सचं. ८३ वर्षांचे हॉपकिन्स वेल्समध्ये होते, तिथे पहाट व्हायची होती आणि ते झोपले होते. भाषण नाही, सांगता नाही, कार्यक्रम संपला. पाकिटात काय आहे ते आयोजकांनाही ठाऊक नसतं, याचा इतका सज्जड पुरावा दुसरा नसेल.

तशी ही बंद पाकिटंही नंतर आली. पूर्वी ऑस्करच्या विजेत्यांची नावं वर्तमानपत्रांना आधीच देत, रात्री उशिरा छापायच्या अटीवर. १९४० साली लॉस एंजेलिस टाइम्सने ती संध्याकाळच्याच अंकात छापली आणि पाहुण्यांना सोहळ्याला येतानाच निकाल कळले. पुढच्या वर्षापासून नावं बंद पाकिटांत जायला लागली. आता उलटा प्रवास दिसतो. २०२६ च्या ग्लोबमध्ये पॉलीमार्केट या पैजांच्या बाजारातले आकडे प्रक्षेपणातच झळकत होते, अमक्याची शक्यता इतके टक्के. हे मला अजिबात रुचलं नाही. टक्केवारी समोर आली की अंदाज बांधायला उरतं काय, नुसती नक्कल! त्याच वर्षी पॉडकास्टचाही नवा विभाग आला. त्याबद्दल आमच्यातल्या कुणालाच काही मत नव्हतं, त्यामुळे तिथे अंदाजपंचे दाहोदरसे हेच धोरण.

मन आणि डोकं भांडतं ते आपल्याकडचं कुणी यादीत असलं की. २०२३ ला ‘नाटू नाटू’ने ते भांडण होऊच दिलं नाही, दोन्ही रकान्यांत तेच नाव होतं आणि ग्लोबही मिळालं, मागोमाग ऑस्करही. २०२५ चं तसं नव्हतं. पायल कपाडियाला ग्लोबमध्ये दिग्दर्शनाचं नामांकन होतं. पहिल्या रकान्यात तिचं नाव ठसठशीत अक्षरात, दुसऱ्यात ब्रॅडी कॉर्बेटचं, जरा बारीक अक्षरात. कॉर्बेटला मिळालं. माझा एक गुण वाढला, आणि गुण वाढल्यावर इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

त्याच सोहळ्यात ड्रामा गटात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नाव आलं ब्राझीलच्या फर्नांडा टोरेसचं. समोर निकोल किडमन, अँजेलिना जोली, केट विन्स्लेट अशी मोठी नावं. फर्नांडाची आई फर्नांडा माँटेनेग्रो, तीही १९९९ मध्ये याच पुरस्काराच्या नामांकनात होती आणि तिला तो मिळाला नव्हता. लेकीने मंचावरून तो आईला अर्पण केला. आमच्या कंपूत हे नाव एकीच्याच कागदावर होतं, आणि तेही पहिल्या रकान्यात. दुसऱ्यात तिने निकोल किडमन लिहिली होती. नियमाप्रमाणे गुण शून्य. तरी सगळ्यांत जास्त आरडाओरडा तिचाच चालला होता, जणू पुरस्कार तिच्याच घरी आलाय. मनातलं नाव खरं ठरलं तर निदान अर्धा गुण द्यावा, अशी रीतसर मागणी तिने तेव्हापासून लावून धरली आहे. बाकीच्यांचा विरोध आहे, मी कुंपणावर. पण तिचं ऐकलं तर मग पायल कपाडियाच्या वेळी माझा अर्धा गुण कापायचा का, हा प्रश्न निघतो, म्हणून तूर्त विषय पुढे ढकललाय.